एका ओळखीची दोन मशिनं

दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस काउंटरवर पिशवी ठेवायचा, माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "दुरुस्ती करणारे कधी येतील?" मी म्हणायचे, "आलेत. बोला." बहुतेक जण ओशाळायचे. एक गृहस्थ मात्र म्हणाले, "नाही, म्हणजे मोठे मेकॅनिक." त्यांना मी खुर्ची दिली, वीस मिनिटांत त्यांचं मशीन चालू करून हातात ठेवलं आणि म्हटलं, "मोठे मेकॅनिक आले की सांगते त्यांना, तुम्ही येऊन गेलात म्हणून."

माझं दुकान विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत होतं. टीव्हीला जोडून खेळायची गेमची मशिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. वडील खडकीच्या कारखान्यात होते. मी आयटीआय झाल्यावर त्यांचं एकच पालुपद होतं, सरकारी नोकरी बघ, खेळणी कसली दुरुस्त करतेस. खेळण्यांवर दोन मुलांची शिक्षणं झाली, घर झालं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून दुकान बंद केलंय. ह्या अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा, असा निरोप आला. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की लिमयेकाका समोर येतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. तेव्हा त्यांचंच लिहून टाकते.

आधी धंदा समजावून सांगायला हवा. मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची कमाई मशिनावर कमी, गेमवर जास्त. म्हणून नकली गेम चालू नये ह्यासाठी त्या मशिनाला कुलपं घालतात. सुरुवातीला कुलूप सीडीत होतं. अस्सल सीडीच्या आतल्या कडेला कारखान्यातच एक खूण उमटवलेली असायची. घरच्या कॉम्प्युटरवर नक्कल केली की गेम सगळा उतरायचा, ती खूण तेवढी उतरायची नाही. मशीन आधी खूण शोधायचं आणि ती नसली की सीडी नाकारायचं. मग आम्ही नखाएवढी एक चिप आत बसवायचो. मशिनानं विचारलं, "खूण आहे का?" की चिप सांगायची, "आहे आहे, चालू द्या." बिचारं मशीन विश्वास ठेवायचं.

कंपन्या काय गप्प बसणार? त्यांनी कुलूप मुख्य प्रोसेसरच्या पोटात नेलं. नवं अपडेट आलं की मशीन स्वतःच्या पोटातला एक सूक्ष्म फ्यूज जाळून टाकायचं. जळलेला फ्यूज जोडता येत नाही, त्यामुळे जुन्या, फोडता येणाऱ्या अवस्थेत मशीन परत नेता येत नाही. मग त्यांनी सीडी वाचणारा भाग आणि मुख्य बोर्ड ह्यांची जोडी लावून दिली. दुसऱ्या मशिनाचा चांगला भाग काढून बसवला तरी बोर्ड त्याला ओळखच दाखवत नाही. ह्यात चोर थोडे अडले आणि सरळ गिऱ्हाइकं जास्त अडली. साधी दुरुस्तीसुद्धा चोरवाटेनं करावी लागायला लागली. आम्ही धुतल्या तांदळासारखे होतो असं मी म्हणणार नाही. नकली गेमसाठी मी शेकड्यानं चिपा बसवल्यात, आणि केसाएवढी तार हात न थरथरता डकवताना मला अभिमानही वाटलाय.

शेवटचं कुलूप सर्वांत पक्कं होतं. प्रत्येक मशिनाला कारखान्यातच एक गुप्त ओळख दिलेली असते, आपल्या आधार क्रमांकासारखी. मशीन नेटला जोडलं की कंपनी आधी ती ओळख विचारते. नकली गेम सापडला तर ती ओळख काळ्या यादीत जाते आणि पुन्हा त्या मशिनाला नेटवर कुणाशी खेळता येत नाही, कायमचं. ह्यावर आमच्या धंद्यात एक उतारा होता. भंगारात आलेल्या मेलेल्या मशिनातून त्याची स्वच्छ ओळख काढून ठेवायची आणि गरजू मशिनाला द्यायची. मी अशा ओळखी कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायचे. नियम एकच होता, एका मेलेल्याची ओळख एकाच जिवंताला. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. मीही पाळायचे. एकदा मोडला.

लिमयेकाका पहिल्यांदा आले तेव्हा ठणठणीत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पिशवी हातातच धरून म्हणाले, "बाहेर पाटीवर 'सर्व प्रकारची दुरुस्ती' असं लिहिलंय. सर्व म्हणजे काय काय?"

मी विचारलं, "तुम्ही काय आणलंय?"

"प्रश्नाला प्रश्न. म्हणजे सर्व नाही."

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पिशवीत त्यांच्या मुलीचं, मृणालचं, कॉलेजच्या दिवसांतलं मशीन होतं. मृणाल जर्मनीत नोकरीला गेली होती. जाताना तिनं वडिलांना एक गेम शिकवून ठेवला होता, शेतीचा. दोघांचं मिळून एक शेत. ती तिथल्या मशिनावरून खेळायची, हे इथून. त्या गेममध्ये रोपांना रोज पाणी घालावं लागतं, एक दिवस चुकला की ती माना टाकतात. तिकडे ती झोपलेली असताना इथे सकाळ व्हायची, आणि लिमयेकाका चहा घेऊन टीव्हीसमोर बसून तिच्या वांग्यांना पाणी घालायचे.

"खात्यात तीस वर्षं कागदावर पाणी सोडलं," ते म्हणाले, "आता टीव्हीवर सोडतो. बढतीच म्हणायची."

त्या दिवशी फक्त पंखा बदलायचा होता. नंतर ते अधूनमधून कारण काढून यायचे. माझी पाटी मात्र त्यांनी बदलायला लावली. "बहुतेक प्रकारची दुरुस्ती" असं करून घेतलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

दोनेक वर्षांनी काकू एकट्याच आल्या. काकांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. समजत सगळं होतं, वाचता येत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि डाव्या हातानं चार शब्द लिहायलाही अर्धा दिवस जायचा. काकू म्हणाल्या, "वाघमारेताई, दिवसभर त्या बंद टीव्हीकडे बघत बसतात. मृणालचा फोन आला की नुसते रडतात. तिला ऐकवत नाही, ती फोन ठेवते. एका हातानं खेळता येईल असं काही करता येईल का हो?"

गेमचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरून चालवायचा असतो. मी त्यांच्या घरी जाऊन डाव्या हाताची बोटं कुठपर्यंत वळतात ते पाहिलं. काकूंनी घरातला एक छोटा पाट दिला. त्यावर मोठी बटणं बसवली, मनगट टेकायला फडक्याची उशी केली, तारा खालून काढल्या. कंपनीचा नव्हे, आमचा घरगुती माल. पण ते मशीन जुनं होतं आणि त्याला परका कंट्रोलर चालत होता. पंधरा दिवस मी रोज सकाळी जात होते. पहिल्या दिवशी त्यांना एका रोपाला पाणी घालायला पाऊण तास लागला. पाणी पडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पदराआड तोंड लपवावं लागलं.

पुढे मृणालनं मला फोन केला होता. "ताई, मी उठले की दात घासायच्या आधी वांगी बघते. ओली दिसली की बाबा बरे आहेत. आज तर त्यांनी माझ्या दाराशी झेंडूची ओळ लावलीय. एका हातानं. किती वेळ लागला असेल हो त्यांना?" काकू म्हणाल्या होत्या, दोन दिवस लागले. बोलणं असं त्यांचं तेवढंच उरलं होतं. रोज सकाळी ओली झालेली रोपं म्हणजे काकांचं मुलीशी बोलणं.

दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीत विजेचा दाब वाढला आणि चार घरांतल्या वस्तू जळल्या. त्यात हे मशीन. काकू रिक्षातून ते घेऊन आल्या. बोर्ड मी दुसरा बसवू शकत होते, पण ओळख साठवलेली चिपच जळाली होती आणि माझ्याकडच्या शिल्लक ओळखी संपल्या होत्या. दुसरं मशीन घ्या म्हणावं, तर तसली जुनी आता मिळत नव्हती आणि नव्या मशिनांना आमचा पाट चालत नाही. कॉम्प्युटरमध्ये एकाच ओळखीची प्रत उरली होती, पण ती ओळख मी सहा महिन्यांपूर्वी बबनरावांच्या असंच चिप जळालेल्या मशिनाला दिली होती; ओळखीशिवाय मशीन सुरूच होत नाही.

बबनरावांचं लोणी काळभोरला, कॉलेजाजवळ, गेम पार्लर होतं. सगळे गेम नकली. मी त्यांना बजावून सांगितलं होतं की मशीन नेटला लावायचं नाही. ते छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "न्हाई लावणार ताई. आमच्याकडं नेट हायच कुठं?" नेट नाही म्हणजे कंपनीला ते मशीन दिसणार नाही. ती ओळख तिथे झोपूनच राहणार. मग तीच लिमयेकाकांना दिली तर कोणाला कळणार आहे? काकू समोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "कालपासून पाणी नाही पडलं हो." मी तासाभरात ते काम केलं. काकूंना काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला असता, ही गोष्ट वेगळी.

अडीच महिने सुरळीत गेले. मग एका सकाळी काकूंचा फोन आला. "स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलंय. हे वाचतायत आणि थरथरतायत."

मी गेले. काळ्या पडद्यावर लिहिलं होतं, की आमचे नियम मोडल्याबद्दल ह्या मशिनावर कायमची बंदी घालण्यात येत आहे. काका पाटावर हात ठेवून बसले होते. ऑफिसातलं पेनसुद्धा घरी न आणलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे बघून बोट आधी स्वतःकडे केलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा स्वतःकडे. माझ्याकडून काय झालं, असं विचारत होते.

मला तिथेच कळलं होतं काय झालं ते. तरी मी म्हणाले, "तुमचं काही नाही हो काका. कंपनीचा काहीतरी घोळ आहे. बघते मी."

दुकानात येऊन बबनरावांना फोन लावला. "एकच दिवस लावलं ओ ताई," ते म्हणाले. "फुटबॉलची स्पर्धा होती नेटवर, पोरं ऐकंनात. आता लई मोठं काय झालं काय?" त्यांना मी काय बोलणार? त्यांनी शब्द मोडला होता, मी नियम. एक ओळख बंद झाली आणि दोन्ही मशिनं गेली.

उपाय एकच होता, नवं मशीन. मृणालनं पैसे लगेच पाठवले. पण नवं मशीन प्रत्येक कंट्रोलरला त्याच्या पोटातल्या चिपेची सही मागतं, कंपनीची सही नसेल तर बटण दाबलेलं मानतच नाही. म्हणजे अस्सल कंट्रोलर फोडून त्याचा मेंदू काढायचा आणि पाटाच्या बटणांना जोडायचा. त्या कंट्रोलरची तारांची जाळी इतकी बारीक, की भिंगाखालीही माझे डोळे पाणावायचे. दोन कंट्रोलर वाया गेले. मी मनाशी ठरवलं, पाट तयार झाला की घेऊन जायचा आणि तेव्हाच खरं सांगायचं. रिकाम्या हातानं सांगायचं धैर्य नव्हतं.

तेवढ्यात काकू एक पाकीट घेऊन आल्या. "ह्यांनी लिहिलंय. चार दिवस लागले. कंपनीचा पत्ता तुम्हाला ठाऊक असेल म्हणाले, म्हणजे, खुणेनं म्हणाले."

डाव्या हाताचं अक्षर, मुंग्यांसारखं वाकडंतिकडं, पण समास सोडून, विषय लिहून, रीतसर. इंग्रजीत होतं. सारांश असा, की मी अर्धांगवायूचा रुग्ण आहे, माझा हात कापतो, त्यामुळे चुकीचं बटण दाबलं गेलं असल्यास क्षमा असावी. शिक्षा मला करावी. माझ्या मुलीच्या शेतावर तिचा परिणाम होऊ देऊ नये.

मी म्हणाले, "पाठवते."

कुठे पाठवणार होते? ते पत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग दर दोन दिवसांनी काकूंचा फोन यायचा, "उत्तर आलं का हो? रोज टपालाच्या वेळेला दाराकडे बघतात." मी म्हणायचे, परदेशी कंपनी आहे, वेळ लागतो. असे तीन आठवडे गेले. काकांचं जेवण सुटत चाललं होतं. फोनवर मृणाल बोलायची ते नुसतं ऐकायचे, रडायचेसुद्धा नाहीत.

तेव्हा मी आयुष्यातली सर्वांत वाईट दुरुस्ती केली. कंपनीचं उत्तर मीच लिहिलं. कॉम्प्युटरवर कंपनीचं चिन्ह घातलं, इंग्रजी भाच्याकडून तपासून घेतलं, खाली सही केली. "आमच्या चौकशीत आपला कोणताही दोष आढळला नाही. झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." जाड कागद, लांब पाकीट. इतक्या मशिनांना खोटी ओळख दिली होती, त्यात आणखी एक कागद. शिवाय त्यात लिहिलेलं खरंच होतं की! त्यांचा दोष नव्हता.

मी स्वतः नेऊन दिलं. काका खिडकीशी बसले होते. काकूंनी चष्मा लावून दिला. त्यांनी पत्र वाचलं, एकदा, मग पुन्हा. मग पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. तिकिटाच्या जागेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. पाकिटावर तिकीट नव्हतं, पोस्टाचा शिक्का नव्हता. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात बोट नेलं. तिथे क्रमांक नव्हता. ज्या माणसाच्या हातून तीस वर्षं आवक आणि जावक टपाल गेलं, त्याला मी बिनशिक्क्याचं पाकीट दिलं होतं.

मी खाली जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. बबनराव, एक ओळख, दोन मशिनं, ड्रॉवरमधलं पत्र. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही काही चुकीचं दाबलं नाही. तुम्हाला चोर ठरवलं ते माझ्यामुळे."

त्यांनी पत्र मांडीवर सपाट केलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी पेन मागितलं. काकूंनी फळी धरली. त्यांनी माझ्या त्या खोट्या पत्राच्या समासात दोन शब्द लिहिले, खाली आद्याक्षरं केली, तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला. लिहिलं होतं, "दप्तरी दाखल." प्रकरण संपलं की सरकारी कचेरीत कागदावर असा शेरा मारतात हे मलाही माहीत होतं. काकांनी फाईल बंद केली, म्हणजे आपल्याला माफ केलं, असं मी धरलं. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यानं रडत गेले, पण हलकं वाटत होतं.

आठ दिवसांनी पाट तयार झाला. नव्या मशिनानं पहिल्याच झटक्यात त्याला ओळखलं. मी आनंदानं काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आणू नका ताई आता." आदल्या दिवशी दुसरा झटका आला होता. डावा हातही गेला होता.

त्यानंतर काका चार महिने होते. मृणाल शेवटचे तीन आठवडे येऊन राहिली, त्यांच्या उशाशी बसून.

दिवस झाल्यावर ती दुकानात आली. तो पाट मागायला आली होती. मी चहा मागवला आणि तिलाही सगळं सांगितलं, काही न वगळता. तिच्या वडिलांचं पत्र तिच्या स्वाधीन केलं. तिनं ते वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून, खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच, मी म्हणाले, "पण त्यांनी मला माफ केलं होतं गं." आणि तो समासातला शेरा तिला दाखवला.

तिनं शेरा वाचला. मग म्हणाली, "लहानपणी माझं काही चुकलं की बाबा माझ्याकडून लेखी घ्यायचे. अर्ज लिहायचा, काय चुकलं, का चुकलं. मग ते त्यावर शेरा द्यायचे, 'क्षमा केली' असा. माझ्याकडे ते सगळे कागद आहेत." तिनं समासावर बोट ठेवलं. "हा तो शेरा नाही, ताई. पुढे कोणालाच काही करता येण्यासारखं उरलं नाही, की हा मारतात."

तिचा आवाज चढलेला नव्हता. वडिलांसारखाच कोरडा होता, पण डोळे भरले होते.

"एकच सांगा," ती म्हणाली. "चूक त्यांची नव्हती, हे त्यांना कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग ठीक."

तिनं पाट उचलला. तारा नीट गुंडाळून घेतल्या. तो कागद मी तिच्यापुढे केला, तुझ्या वडिलांचं शेवटचं अक्षर आहे, घेऊन जा म्हटलं. तिनं तो पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"नको," ती म्हणाली. "तो तुमच्या दप्तरात राहू दे."